कागदाशिवाय अंगठा

अमळनेर, दुपारचा दीड,
शटर अर्धं ओढून मी रोशनीला मोड शिकवत होतो.
वरच्या थराने खालच्याशी कसं वागायचं, म्हणालो,
त्याची ही यादी. मोजलीस तर सत्तावीस,
नक्षत्रांइतके. चार आले तरी लग्नसराई निघते.

दोन जुन्या स्लाइड एकीवर एक ठेव, खिडकीकडे धर.
उजेड दोघींतून गाळून येतो,
म्हणून चित्र गडदच होत जातं. हा मल्टिप्लाय.
पांढरं तिथे कुणाला अडवत नाही,
असून नसल्यासारखं.
त्याच स्लाइड दोन प्रोजेक्टरांतून एका भिंतीवर टाक,
आता उजेडात उजेड. हा स्क्रीन.
इथे काळ्याला कुणी विचारत नाही.

"म्हणजे पंगतीसारखं," ती म्हणाली,
"कुठे कोणी गप्प बसायचं, ते."
मी चष्मा पुसत राहिलो.

तेवढ्यात शटरखालून वाकून
कोकिळाबाई भदाणे आत आल्या.
दुधाच्या पिशवीत चार घड्यांचा कागद.
"हिराभाऊ, हाई मन्ही मायना अंगठा शे.
कागद नही जोयजे. अंगठाच जोयजे."
बिबड्यांच्या पाकिटावर छापायचा,
जिथे बाकीचे लोक नाव टाकतात तिथे.

कागद म्हणजे हक्कसोड. सन एक्क्याऐंशी.
बोरीपलीकडचं चार एकर भावांच्या नावे
आणि खाली जांभळा अंगठा,
वाटाण्यावर वाटाणा ठेवल्यासारखा, फुगीर.

स्कॅन केला. मातकट पाकिटावर थर ठेवला.
मल्टिप्लाय.
कागद गेला.
घड्यांच्या करड्या रेघा राहिल्या, चहाचा डाग राहिला,
लेव्हल्सची पट्टी ओढली तशी तीही मुकाट निघाली.
कोकिळाबाई खुर्ची सोडून पडद्यापाशी आल्या,
बोट लावू की नको अशा.

पण अंगठ्याच्या पोटातून एक ओळ गेली होती.
जागा चुकली मायची, की तिचा हात धरणाऱ्याची.
काळ्या शाईतला शब्द: राजीखुशीने.
मल्टिप्लायला शाई कुणाची ते कळत नाही,
गडद ते सगळं त्याला सारखंच.

मग लायटन करून पाहिलं.
अंगठ्यातूनच जांभळा उचलला, ब्रश फिरवला,
काळं होतं ते जांभळं झालं,
पण अक्षरं जिथून गेली तिथे
रेषांमधल्या खाचा बुजल्या.
नांगरटीवरून ट्रक गेल्यावर होतं तसं.

रोशनीला सुचलं, "मावशी, तुमचा अंगठा द्या ना.
तेवढ्या रेषा तिथे बसवू."
कोकिळाबाईंनी हात पदराखाली घेतला.
"मन्हा नको. मी सही करस."

कूलरचं पाणी संपल्याचा आवाज येत होता.
शेवटी मी मास्क घातला, अंगठ्याच्या कडेकडेने,
बाहेरचं सगळं झाकलं.
रा बाहेर राहिला. शीने बाहेर राहिलं.
आत मावलं ते एवढंच: जीखु.
"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि बिबड्यांचा एक पुडा
कीबोर्डवर ठेवून गेल्या, तिळाचा चुरा अजून
स्पेसबारखाली आहे.

फाइल मी सपाट केलेली नाही. थरांसकट ठेवली आहे.
कागद त्यात आहेच, चारी घड्यांसकट.
मोड नॉर्मल केला, मास्क उचलला,
की पांढराशुभ्र वर येतो आणि पाकीट झाकून टाकतो.
रोशनीने एकदा करून पाहिलं,
लगेच मागे घेतलं.

शनिवारच्या बाजारात आता
लोक जीखुच्या बिबड्या मागतात.
परवा धुळ्याच्या एका पाहुण्याने विचारलं,
जीखु म्हणजे काय हो?
कोकिळाबाई सुट्टे मोजत होत्या.
"मायनं नाव," म्हणाल्या, आणि वीस रुपये परत दिले.